पिवळा कोपरा

मी पळायचे लई आणि पडायचे त्याहून जास्त. नेटजवळ पडणारं शटल उचलायला मी अशी झेपावायचे, की बघणाऱ्याला वाटावं, गेली आता ही थेट पलीकडच्या कोर्टात. शटल उचललं जायचं, पण मध्यावर परत यायच्या ऐवजी मी तिथंच कोलमडायचे. शाळेच्या पहिल्याच स्पर्धेत मी भर हॉलमध्ये अशी बसकण मारली, की मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, पाट मांडू का?" सगळा हॉल हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदा वर्षांच्या पोरीला हसलं की तिला काय होतं, ते हसणाऱ्याला कधीच कळत नाही. घरी येऊन मी आईला सांगितलं, की मी आता मेले तरी खेळणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी दप्तराला रॅकेट लटकवून पुन्हा गेले. माझा स्वभावच तसा आहे. राग आला की मला काही सोडवत नाही.

आमचा सराव चालायचा नारायणगावजवळच्या एका मंगल कार्यालयात. हॉलच्या फरशीवर दोन कोर्टं आखलेली. लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी बॅडमिंटन, तिथी असेल त्या दिवशी लग्न. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं आधी झाडू हातात घ्यायचो, कारण फरशीभर अक्षता सांडलेल्या असायच्या. आमचे सर या बाबतीत भलतेच कडक. "एक तांदूळ पायाखाली आला की घोटा गेलाच समजा," असं म्हणून ते स्वतः कोपरे तपासायचे. मग कुणाच्या कोण नवरा-नवरीच्या डोक्यावरून उडालेले ते तांदूळ आम्ही गोळा करायचो आणि बाहेर चिमण्यांना टाकायचो.

सर जवळच्याच एका शाळेत पीटी शिकवायचे आणि संध्याकाळी आम्हाला बॅडमिंटन. आमच्यात एकाच नावाच्या तीन-तीन पोरी होत्या, म्हणून ते सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारायचे. मी बोरी बुद्रुकची, म्हणून 'ए बोरी'. त्या बसकणीनंतर त्यांनी मला सगळ्यांसमोर बोलावलं आणि हातातली रॅकेट काढून घेतली.

"बोरी, तुझे पाय पळतात आणि कंबर मागं राहते," ते म्हणाले. "पोट ढिलं, कंबर ढिली. मग पाय कितीही पळून उपयोग काय? पळालीस तर थांबायला नको? आधी उभं राहायला शीक."

उभं राहायला शीक! कबड्डीत माझ्या वाऱ्याला पोरी उभ्या राहत नव्हत्या, आणि हे मला उभं राहायला शिकवणार. माझं डोकंच फिरलं. पण सरांपुढं बोलायची छाती नव्हती. त्यांनी कोपऱ्यातली लग्नाची गादी ओढली, तिची दुहेरी घडी घातली आणि मला तिच्यावर एका पायावर उभं केलं. "आता डोळे मीट." मी डोळे मिटले आणि श्वास घेऊन सोडेस्तोवर गादीवरून खाली आले. पुन्हा चढले, पुन्हा खाली. मधल्या दारातून मांडववाल्याची माणसं खुर्च्या नेत होती. त्यांतला एक थांबून म्हणाला, "काय गं, गृहपाठ केला न्हाई व्हय?" माझे कान तापले.

मग रोजच ते सुरू झालं. बाकीची पोरं कोर्टावर धपाधप स्मॅश मारायची आणि मी कोपऱ्यात एका पायावर. नंतर कोपरांवर आणि चवड्यांवर सगळं अंग तोलून फळीसारखं ताठ राहायचं, कंबर खाली पडू द्यायची नाही. नंतर उताणं पडून उजवा हात आणि डावा पाय, डावा हात आणि उजवा पाय, असं आलटून पालटून लांब करायचं. उलटं पडलेलं झुरळ करतं तसं. मग पुढं एक लांब पाऊल टाकून गुडघा वाकवायचा आणि सर 'ये' म्हणेपर्यंत तसंच थांबायचं. पाहुण्यांना टेकायला ठेवलेले लोड होते ना, ते सरांनी आडवे टाकले आणि त्यांच्यावर गुडघे टेकून तोल सांभाळायला लावलं. ज्यांच्यावर टेकून लोकांचे व्याही पान खातात, त्यांच्यावरून मी रोज दहादा गडगडायचे.

माझ्याबरोबर आणखी एक पोरगी त्या कोपऱ्यात होती. सर तिला 'मंचर' म्हणायचे. तिच्या घरचं मंचरच्या पेठेत कापडाचं दुकान. मूळचे राजस्थानातले जैन, पण चार पिढ्या इथंच गेलेल्या. तिची आणि माझी जोडी जमली ती सूर्यामुळं. बोरीच्या रस्त्याला दुतर्फा ऊस आणि उसात बिबट्या, म्हणून अंधाराच्या आत घरात पाऊल पडलं पाहिजे, असा माझ्या वडिलांचा, म्हणजे आण्णांचा हुकूम. तिच्या घरी सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालत नाहीत, म्हणून तिची आई उन्हं कलली की डबा घेऊन गाडीत येऊन बसायची. कोर्टावर खेळायची आमची पाळी येईपर्यंत बहुतेक दिवशी आमची निघायची वेळ व्हायची. मग सर म्हणाले, तुम्ही दोघी कोपरा सांभाळा.

ती शांत होती. एका पायावर उभी राहिली की रोवल्यासारखी. समोरासमोर एका पायावर उभं राहून, तळव्याला तळवा लावून एकमेकींना ढकलायचं आणि तोल घालवायचा, असा एक खेळ सरांनी दिला होता. त्यात मी सगळा जीव लावून ढकलायचे आणि ती नुसता हात ढिला सोडायची. मीच पुढं जाऊन तोंडावर पडायचे. "तू भांडतेस," ती म्हणायची. "फरशीशी कुणी भांडतं का?" मला तिचा राग यायचा आणि ती आली नाही तर करमायचं नाही. निघताना तिची आई गाडीच्या खिडकीतून माझ्या हातावर खाकरे ठेवायची आणि म्हणायची, "खाऊन जा गं, लांब जायचंय तुला."

हळूहळू मी उभी राहायला लागले. कधी जमायला लागलं ते मला सांगता येणार नाही. एक दिवस नेटजवळचं शटल उचललं आणि कळलं, की आपण मध्यावर परत आलोय. सर लांबून नुसते 'हं' म्हणाले.

खरी पंचाईत घरी होती. सरांनी घरीही हेच करायला सांगितलेलं. आमचं घर शेतात, पण शेजार आहेच. मी अंगणात चटई टाकून कोपरांवर ताठ झाले, की शेजारची काकू हाक मारायची, "अगं बाय, पोरगी पालती का पडलीय? पोटात दुकतंय का तिच्या? ओवा द्या की!" आई घरातून म्हणायची, "काय न्हाई, खेळाचं हाय त्ये." आईच्या आवाजावरून कळायचं, की तिलाही हे अंगणात नको होतं.

आणि आण्णा! आण्णांना बैलगाड्यांचा नाद. आमच्याकडं घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे, तर बैलगाडे पळतात ती चढाची धाव. बंदी उठून शर्यती पुन्हा सुरू झाल्या, तेव्हापासून आण्णा माणसांत राहिले नव्हते. गोठ्यात शर्यतीचा एक बैल होता. त्याला आमच्याआधी खुराक, आमच्याआधी दूध, आणि आमच्यापेक्षा जास्त लाड. गाडा सुटला की घाटातली सगळी माणसं 'भिर्रर्र' म्हणून ओरडतात, आणि आपली बारी, म्हणजे आपल्या गाड्याची धाव, झकास झाली की मालक मुठी भरभरून भंडारा उधळतो. राजुरीला एकदा आण्णांचा बैल असा पळाला, की आण्णा पिवळेजर्द होऊन घरी आले आणि आईनं त्यांना हौदावरच आंघोळ घातली.

बैल आणि पोरगी यांत आण्णांना फार फरक दिसत नसावा. माझं काय चाललंय ते त्यांनी चार दिवस बघितलं आणि एकदम अंगात आल्यासारखे कामाला लागले. ठिबकच्या पाइपाचा जाड तुकडा कापला, त्याच्यावर फळी टाकली आणि म्हणाले, "चड हिच्यावर." मी चढायच्या आधी ते स्वतः चढले आणि धाडदिशी शेणाच्या पाटीत बसले. मी पोट धरून हसले. ते पण हसले. बैलाच्या पायाला लावायचं तेल माझ्या पोटऱ्यांना लागायला लागलं. "जनावर आदी उबं बगायचं," ते म्हणायचे, "उबं राह्यलेलं जनावर सांगतं ते कसं पळंल." इथपर्यंत सगळं बरं होतं. खरं सांगायचं तर मला आवडायचं ते.

पण मग त्यांनी मला दाखवायला सुरुवात केली. पेठ गावाहून आत्याचे दीर आले होते, बरोबर आणखी दोघं, सगळे गाड्याच्या नादातले. चहाच्या कपबशा हातात. आण्णा म्हणाले, "पावणं, बगा आता गंमत. ये गं, उबी ऱ्हा जरा. डोळं झाक." मी आईकडं बघितलं. आई चुलीकडं बघत होती. मी एका पायावर उभी राहिले. डोळे मिटलेले. पावणे बशीतून चहा ओढत होते, ते ऐकू येत होतं. एक म्हणाला, "लई निबार हाय राव पोरगी!" दुसरा म्हणाला, "खुराक काय देता?" आणि आण्णा खुशीत सांगत होते, अंडी किती, दूध किती. मी डोळे उघडले असते तर रडले असते, म्हणून मिटलेलेच ठेवले. त्या दिवशी मी कधी नव्हे इतका वेळ हलले नाही.

रात्री मी आण्णांशी बोलले नाही. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

त्यानंतर सरांनी सांगितलं, की जिल्ह्याच्या शिबिरासाठी निवड स्पर्धा आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतून पंधरा वर्षांखालची एकच मुलगी घेणार. शिबिर पुण्यात, राहून शिकायचं, चांगले मार्गदर्शक, खरं लाकडी कोर्ट. पुढच्या वर्षी आम्ही दोघीही वयात बसणार नव्हतो. सर हे सांगताना माझ्याकडं आणि मंचरकडं बघत होते. आम्ही दोघी एका पायावर उभ्या होतो आणि तळव्याला तळवा लावलेला होता. त्या दिवशी कुणीच कुणाला ढकललं नाही.

मला ते शिबिर हवं होतं. कसं सांगू किती हवं होतं! झोपेत पाय हलायचे माझे. नुसतं खेळासाठी नाही; मला अशा ठिकाणी जायचं होतं, जिथं मला पावण्यांसमोर कुणी उभं करणार नाही.

स्पर्धा मंचरजवळच्या एका हॉलमध्ये होती. आदल्या दिवशी मी आण्णांना म्हणाले, "तुम्ही येणार असाल तर या. पण ओरडायचं नाही. भिर्रर्र नाही, शिट्टी नाही, काही नाही. तिथं सगळे गप बसून बघतात."

"एवडंच ना?" आण्णा म्हणाले. "देवाशपत, तोंडातनं सबूद काडनार न्हाई."

आणि आण्णांनी शब्द पाळला. हे मला आजही म्हणावं लागतं. पांढरं शुभ्र धोतर, कडक टोपी, बरोबर पेठचे पावणे, असे ते पुढच्याच खुर्च्यांवर बसले, नेटच्या अगदी बाजूला, आणि पावण्यांनाही दटावून गप बसवलं. मी पहिल्या फेरीत जिंकले, दुसऱ्या फेरीत जिंकले. आण्णा हाताची घडी घालून, देवळात बसल्यासारखे. मला वाटलं, उगाच घाबरत होतो आपण.

अंतिम सामना माझा आणि मंचरचा. ते व्हायचंच होतं. तिची आई आणि वडील समोरच्या बाजूला बसले होते. आईनं मला बघून हात हलवला. पहिला गेम मी जिंकला. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी अशी खेळत होते, की माझे पाय मलाच ओळखू येत नव्हते. पुढं जायचे, थांबायचे, परत यायचे. शेवटचा गुण नेटजवळच घेतला आणि ताठ उभी राहिले.

तेवढ्यात डोक्यावरून काहीतरी पिवळं गेलं.

आण्णा उभे होते. तोंड घट्ट मिटलेलं. आणि हात खिशातल्या पुडीत जाऊन दुसऱ्यांदा वर येत होता. दोन मुठी भंडारा, चांगला वर उधळलेला. पंख्यानं तो पसरला आणि माझ्या बाजूच्या कोर्टावर, नेटजवळच्या डाव्या कोपऱ्यात, हिरव्या मॅटवर सावकाश खाली बसला.

हॉलमध्ये आधी कुणाला काही कळलंच नाही. मग मागच्या बाजूनं हशा सुटला. पंच खुर्चीवरून खाली उतरले. "अहो काका! हे काय? हा घाट आहे का तुमचा?" माइक चालूच होता. ते वाक्य हॉलभर घुमलं आणि हशा दुप्पट झाला. चार मोबाइल वर आले. आण्णा गोंधळून माझ्याकडं बघून म्हणाले, "वरडू नगं म्हनली व्हतीस. मी कुटं वरडलो?"

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. माझं सगळं अंग कानांपासून पायांपर्यंत पेटलं. मला पाट मांडू का म्हणणारं ते हसू आठवलं. पण ते तरी माझ्या पडण्याचं होतं. आज मी पडलेच नव्हते, आणि तरी हसत होते.

दोन पोरांनी कोरड्या फडक्यानं कसंबसं पुसलं. पिवळा डाग राहिलाच. पंचांनी बोटानं चाचपून बघितलं, म्हणाले, "चालेल, खेळा." पहिला गेम संपला की बाजू बदलतात. म्हणजे त्या पिवळ्या कोपऱ्यात आता मंचर उभी राहणार होती. माझ्या आण्णांनी माझ्या आनंदात उधळलेलं, आणि घसरायचं तिनं.

मी त्या कोपऱ्यात शटल टाकूच शकले नाही. सर सांगायचे, समोरच्याला सगळ्यात लांब पळव, आणि ती मागं असली की तिला सगळ्यात लांब तोच कोपरा होता. माझा हात तिकडं वळायचा आणि मी मुद्दाम दुसरीकडं मारायचे. पाव कोर्ट सोडून दिल्यावर काय राहतं? तिला कळायला वेळ लागला नाही. माझ्या गुणांचं मातेरं होत होतं. मधल्या विश्रांतीत पाणी प्यायला गेलो, तेव्हा ती माझ्याजवळ आली. तिला एवढं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"तिथं टाक ना," ती म्हणाली. "मी काय काचेची आहे? माझ्यावर उपकार करतेस का?"

"घसरशील."

"घसरीन नाहीतर उभी राहीन. तू कोण ठरवणारी?"

माझंही डोकं फिरलं. मग मी टाकलं तिथंच. एकदा नाही, लागोपाठ. आणि ती आली. लांब झेप न घेता शेवटचं पाऊल आखूड टाकलं, कंबर वाकू दिली नाही, पाय पिवळ्यावर हलकेच टेकला आणि थांबला. शटल माझ्या बाजूला नेटला चिकटून पडलं. ती परत मध्यावर. गेम तिचा.

तिसऱ्या गेमला बाजू पुन्हा बदलली आणि पिवळा कोपरा माझ्या वाट्याला आला. तिनं दया दाखवली नाही. दुसऱ्याच गुणाला शटल तिथं. मी गेले. उजवा पाय सरकला, सरकतच गेला, आणि मला वाटलं, झालं, आता बसले मी पुन्हा सगळ्यांसमोर. पण पडले नाही. पोट घट्ट धरलं गेलं, दुसरा पाय मागं तोलाला राहिला, मी तशीच लांबलेली थांबले आणि सावरून उभी राहिले. शटल मात्र नेटमध्ये गेलं होतं. सरांनी टाळी वाजवली. एकट्यांनीच. हरलेल्या गुणाला टाळी कोण वाजवतं?

नंतर अर्ध्यात बाजू पुन्हा बदलली, कोपरा तिच्याकडं गेला, आणि तरीही मी हरले. फरकानं हरले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायला जागा ठेवली नाही तिनं.

आम्ही हात मिळवला. तिच्या आईचे डोळे भरले होते. ते आनंदाचे होते आणि ते बरोबरच होतं. शिबिराला ती जाणार, हे माइकवरून सांगितलं तेव्हा मी बॅगेची चेन लावत होते. लावत होते, उघडत होते, पुन्हा लावत होते.

आण्णा तिच्या वडिलांसमोर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. "पोरगी घसरली असती तर मी काय तोंड दावलं असतं तुमाला," ते म्हणाले. तिचे वडील मऊ आवाजात म्हणाले, "अहो दादा, होतं असं. खेळ आहे." दुकानात कापड परत करायला आलेल्या गिऱ्हाईकाशी बोलावं, तितकंच मऊ. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

मुलांचा सामना व्हायचा होता आणि पंच म्हणाले, कोर्ट नीट पुसल्याशिवाय सुरू करणार नाही. आण्णांनी पुसणाऱ्या पोराच्या हातातलं फडकं घेतलं. टोपी काढून खुर्चीवर ठेवली, धोतर वर खोचलं आणि कोपऱ्यात गुडघ्यांवर बसले. घाटात ज्यांना लोक वाट करून देतात, ते माझे आण्णा शंभर माणसांसमोर गुडघ्यांवर. त्यांनी फडकं ओलं केलं आणि डाग आणखी पसरला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मोबाइल वर होतेच.

"काका, ओलं नका करू." मंचर त्यांच्याशेजारी बसली. हातात तिचा स्वतःचा घाम पुसायचा टॉवेल. "आधी कोरड्यानं उचलायचं. असं." पांढरा टॉवेल पिवळा झाला. दोघं जण सरकत सरकत कोपरा पुसत होते. एकदा तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, बोलावल्यासारखं नाही, नुसतंच.

मी बॅग खांद्याला लावून उभी होते. आणि काय उभी होते! घट्ट, ताठ, तसूभरही न हलता. जायला हवं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. पण तिकडं गेले की मीही त्या मोबाइलांत येणार, त्यांची पोरगी म्हणून, हे पण कळत होतं. कोपरा स्वच्छ झाला. मी उभीच होते.

मोटारसायकलवर आण्णा एरवी सगळा रस्ता बोलतात. कुणाचा कांदा कसा, कुणाचा बैल कसा. त्या दिवशी मंचर गेलं, पेठची मंडळी कधीच वळून गेली, नारायणगाव मागं पडलं, तरी एक शब्द नाही. उन्हं उतरली होती. बोरीच्या फाट्याला वळल्यावर, दोन्ही बाजूंचा ऊस सुरू झाल्यावर, ते पुढं बघतच म्हणाले, "माजी लाज वाटली व्हय गं?"

त्यांची पाठ माझ्यापुढं होती. तोंड दिसत नव्हतं, म्हणून मला बोलता आलं.

"हो," मी म्हणाले. "लई वाटली."

गाडी तशीच चालली होती. मी घाईघाईनं म्हणाले, "पण हरले ते तुमच्यामुळं नाही. तिनं हरवलं मला."

"ते दिसलं," आण्णा म्हणाले. "डोळं हायेत मला."

वस्तीचे दिवे दिसायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "तुज्या आयला बी वाटत असनार. लगीन झाल्यापासनं. ती सांगत न्हाई. पावण्यांम्होरं तुला उबी केली ना, तवा बी सांगितलं न्हाई तिनं. आज तू बोललीस म्हनून कळलं मला, तिचं तोंड तवा तसं का व्हतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते. भांडण मला येतं.

आई बॅटरी घेऊन दारातच उभी होती, उशीर झाला की असते तशी. उजेड आधी माझ्या तोंडावर पडला.

"काय झालं गं?"

आण्णा गाडी लावत होते. त्यांनी मला बोलू दिलं.

"हरले," मी म्हणाले.

आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग बॅटरी आण्णांकडं वळवली. पांढरं धोतर गुडघ्यांवर पिवळं झालं होतं, दोन्ही हात पिवळे, आणि डोक्यावर टोपी नव्हती. ती त्या खुर्चीवरच राहिली होती. आईनं उजेड डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत फिरवला.

"आनि तुमी?" तिनं विचारलं.

"मी बी," आण्णा म्हणाले, आणि एरवीसारखं गोठ्याकडं न जाता, तिच्यासमोरच उभे राहिले.